काकांचे जुने स्पीकर सिनेमाला चालतील का?

नमस्कार मंडळी. माझ्यामागे हे दोन लाकडी खोके दिसताहेत ना, ते आमच्या काकांचे. पंचवटीतल्या वाड्यात वर्षानुवर्षं वाजले. वाडा पाडायला घेतला तेव्हा मी ते गंगापूर रोडला घरी आणले. पहिल्याच दिवशी भजन लावलं, आणि तबल्याचा डग्गा असा घुमला की आई हातातलं काम टाकून बाहेर येऊन बसली.

संध्याकाळी सिनेमा लावला, मध्ये एक नवा सेंटर स्पीकर जोडून. तिथं गणित बिघडलं. गाडी डावीकडून उजवीकडे जाताना मधोमध आली की तिचा आवाजच बदलायचा. पात्रांचं बोलणं पातळ, बाकी सगळं भारदस्त!

कारण साधं आहे. 5.1 मध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि खोल, जड आवाजांसाठी एक सबवूफर अशा मांडणीत, संवाद बहुतेक सेंटरमधूनच येतात. असा 5.1 आवाज देणारं डॉल्बी डिजिटल तंत्र चित्रपटगृहात आलं 1992 साली. काकांची जोडी त्याआधीची, फक्त स्टिरिओसाठी घडवलेली. तिच्या जातीचा सेंटर मिळणार कुठून?

म्हणून जुनी जोडी असेल तर परका सेंटर जोडूच नका. रिसीव्हरच्या, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडतो त्या अ‍ॅम्प्लिफायरच्या, सेटिंगमध्ये सेंटर 'नाही' करा. संवाद दोन्ही स्पीकरमध्ये सारखे वाटले जातात, आणि बरोबर मध्ये बसलात तर पडद्यातूनच ऐकू येतात. नवरा-बायको दोघंच बघणार असतील तर मी डोळे झाकून हेच सांगेन. पण सोफ्याच्या टोकाला बसलेल्या आजींना सगळं जवळच्या स्पीकरमधूनच येणार. घर भरलेलं असेल तर समोरचे तिन्ही स्पीकर नवे, एकाच मालिकेतले घ्या.

जुने ठेवताय? मग आधी जाळी काढा. [वूफर जवळून दाखवणे] हा मोठा कोन म्हणजे वूफर, त्याच्या भोवतीची ही कड बघा. फोमची असेल तर हलकेच बोट लावा. भुगा हाताला लागला तर कड बदलावी लागेल. फोम वयानं कुजतो, पावसाळ्याची दमट हवा त्याला आणखी खाते. रबर किंवा कापडाची कड खूप जास्त टिकते. मग तारा सोडवून मल्टिमीटर लावा: 8 ओहमचा वूफर साधारण 6 दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर बहुधा कॉइल जळलीय.

आणि सबवूफर नवाच घ्या, त्यात कंजुषी नको. रिसीव्हरमध्ये स्पीकर 'स्मॉल' करून 80 हर्ट्झच्या खालच्या खोल आवाजांचा भार सबवूफरवर टाका. स्फोटांचे धक्के या म्हाताऱ्या कागदी कोनांनी का सोसायचे?

आमच्याकडे माणसं पाच. त्यामुळे सिनेमाला नवे तीन, गाण्यांना काकांची जोडी.

नवा सेंटर ऐकायला दुकानात जाल, तेव्हा एक करा. समोर उभं राहून ऐकलंत की कुठलाही बरा वाटतो. संवादाचा प्रसंग लावायला सांगा आणि चार पावलं बाजूला सरका. दोन वूफर आडवे शेजारी असलेल्या काही सेंटरमध्ये तिथं आवाज दबतो. तिथूनही शब्द स्वच्छ आले, तरच पैसे काढा.