भांडी वाजली त्याआधीची सात सेकंदं

(दृश्य: कोल्हापूरच्या गंगावेस भागातल्या एका दुकानाबाहेरचा कॅमेरा. मध्यरात्र उलटलेली. आवाज नाही.)

पायरीवर झोपलेल्या त्या कुत्र्याकडं लक्ष ठेवा. शटर बंद आहे, रस्ता रिकामा आहे, दुधाची गाडी यायला अजून अवकाश आहे. कुत्रं एकदम मान वर करतं आणि उठून उभं राहतं. बाकी काहीच हललेलं नाही. आता मोजा.

(सात सेकंद निवेदन नाही.)

शटर थरथरलं. पत्र्याखाली टांगलेल्या बादल्या झुलायला लागल्या. शेजारच्या घरात दिवा लागला.

दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली सांगत होती, भूकंप होणार हे कुत्र्याला आधीच कळलं होतं. खरं आहे, कळलं होतं. पण पुढं होणारं नव्हे, होऊन गेलेलं. लांब कुठंतरी जमीन सरकून झाली होती आणि तिची पहिली लाट गंगावेशीत पोचली होती. ही लाट खडकाला दाबत-ताणत सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावते. ती इतकी हलकी असते की झोपलेल्या माणसाला बहुधा कळतही नाही. तिच्या मागून सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वेगानं दुसरी येते, जमिनीला आडवे हिसके देत. शटर हलवलं ते हिनं. दोघी निघतात एकाच जागेवरून, एकाच क्षणी, पण वाट जितकी लांब तितकी दुसरी मागं पडत जाते. म्हणून मधल्या सेकंदांना ८ नं गुणलं की अंतराचा ढोबळ अंदाज निघतो.

सात आठे छप्पन्न. म्हणजे छप्पन्न किलोमीटर.

शाळेत पाठ केलेल्या पाढ्यावर भूकंपाचं अंतर काढता येतं, हे आम्हाला हा फितीचा तुकडा दहा वेळा बघितल्यावर उमगलं. मात्र एका ठिकाणच्या नोंदीवरून फक्त अंतर मिळतं, दिशा नाही. त्यासाठी किमान तीन भूकंपमापन केंद्रांच्या नोंदी लागतात. तीन वर्तुळं काढायची, ती जिथं एकमेकांना छेदतात तिथं केंद्रबिंदू. वर्तमानपत्रात येतं ना, ‘कोयना धरणापासून अमुक किलोमीटरवर, वारणा खोऱ्यात’, ते असं ठरतं.

(दृश्य: चांदोलीच्या जलाशयावरून ड्रोन. सकाळचं धुकं.)

हे वारणा नदीवरच्या धरणाचं पाणी. कोल्हापूरपासून पक्ष्याच्या वाटेनं साठ-पासष्ट किलोमीटर. अलीकडच्या काठाला आपला शाहूवाडी तालुका, पलीकडं सांगली जिल्ह्यातला शिराळा. १९८५ पासून इथं पाणी साठायला लागलं. इथून वर, उत्तरेला कोयना धरणाचा शिवसागर जलाशय. त्याची भिंत १०३ मीटर उंच आणि पोटात १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाणी.

कोयनेत १९६२ च्या सुमाराला पाणी साठू लागलं आणि त्यानंतर लगेच परिसरात बारीक धक्के जाणवायला लागले. तोवर दख्खनचं हे पठार म्हणजे न हलणारी भूमी, असंच भूगोलाच्या पुस्तकात शिकवलं जायचं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ते शिकवणं मोडलं. ६.३ तीव्रता. कोयनानगर जमीनदोस्त झालं, दोनशेच्या आसपास माणसं गेली, वीजघर थांबलं आणि पार मुंबईत अंधार झाला. धरणाच्या भिंतीला आडव्या भेगा गेल्या. ती नंतर मजबूत करण्यात आली.

(दृश्य: शाहूवाडी तालुक्यातलं घर. आजी चुलीपुढं, १९६७ ची ती पहाट आठवत.)

“आमी समदी भाईर आलतो. थंडी हुती. जनावरं दावं तोडाय बघत हुती.”

(दृश्य: कातळाचे गोल गाभे, लाकडी पेट्यांत ओळीनं मांडलेले.)

पाणी जमीन कशी हलवतं, हे समजायला जमिनीत उतरावं लागलं. पाटण तालुक्यात गोठणे गावाजवळ ३ किलोमीटर खोल भोक पाडलं गेलं आणि कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी प्रयोगशाळा उभी राहिली. पहिल्या पेट्यांमधला हा काळा दगड आपल्या ओळखीचा. अंबाबाईच्या देवळापासून पंचगंगेच्या घाटापर्यंत कोल्हापूर याच काळ्या पाषाणावर आणि पाषाणातून उभं आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा दगड. तो सव्वा किलोमीटरच्या आसपास संपतो आणि खाली लागतो अतिप्राचीन ग्रॅनाइट. बघा, इथं पेटीतला रंगच बदलला.

या ग्रॅनाइटमध्ये जुन्या भेगा आहेत, धरणाच्या कितीतरी आधीच्या. भारताची भूमी वर्षाला काही सेंटिमीटर उत्तरेकडं सरकते आहे, त्या रेट्यानं त्या भेगा ताणलेल्या असतात. दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवर दाबले गेलेले असतात म्हणूनच त्या घसरत नाहीत. वर जलाशय भरला की दोन गोष्टी होतात. पाण्याचं वजन पडतं आणि भेगांमध्ये झिरपलेल्या पाण्याचा दाब वाढतो. हा दाब आतून खडकांना किंचित अलग करतो, पकड सैल होते आणि घसरायला टेकलेली भेग घसरते. धरणानं भूकंप निर्माण केला असं म्हणणं बरोबर नाही. ताण पृथ्वीचाच, धरणानं फक्त खटका दाबला.

आणि तो खटका दर वर्षी दाबला जातो. पावसाळ्यात जलाशय भरतो, उन्हाळ्यापर्यंत उतरतो आणि पाण्याच्या या चढउताराबरोबर धक्क्यांची संख्या कमी-जास्त होते. १९६७ पासून ५ किंवा त्याहून मोठे वीसवर धक्के इथं बसले, तेही सगळे २० गुणिले ३० किलोमीटरच्या चिमुकल्या पट्ट्यात. १९९० नंतर हालचाल दक्षिणेला, वारणेच्या बाजूला पसरली. म्हणजे आपल्या बाजूला. जगभरचे अभ्यासक या पट्ट्याकडं डोळे लावून बसलेत. धरणाशी जोडलेले भूकंप इतकी वर्षं सलग आणि इतक्या लहान जागेत दुसरीकडं मिळणं अवघड.

सगळ्याच धरणांखाली असं होत नाही. शाहू महाराजांनी पाया घातलेलं राधानगरी याच सह्याद्रीत, याच काळ्या दगडावर आहे, पण या कारणासाठी त्याचं नाव कोणी घेत नाही. खाली ताणलेली भेग असावी लागते.

(दृश्य: रंकाळा, संध्याकाळ. संध्यामठाचं प्रतिबिंब.)

रंकाळ्याबद्दल एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगतात. इथं म्हणे आधी दगडाची खाण होती, हजार-बाराशे वर्षांपूर्वी भूकंप झाला, खाण खचली आणि तळातून पाणी आलं. याला पुरावा मागू नये. पण ‘भुई हलते’ ही आठवण या गावानं सांभाळून ठेवली आहे, हे नक्की.

त्या रात्री मोबाइलवर फिरलेला संदेश मात्र सांभाळण्यासारखा नव्हता. धरण फुटलं, पाणी कोल्हापूरकडं निघालं. २०१९ चा महापूर अंगावर घेतलेल्या माणसांना असा संदेश पाठवणं क्रूरपणा आहे. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेला मिळतं, वारणेचं सांगलीजवळ हरिपूरला. पंचगंगा या दोघींना भेटते ती थेट नृसिंहवाडीला, कृष्णेच्या पात्रात. कोल्हापूर शहराच्या वाटेवर या दोन्ही धरणांचं पाणी नाही.

नुकसान म्हणाल तर एका जुन्या भिंतीचा ढपला पडला, दोन घरांची कौलं सरकली, जखमी कोणी नाही.

समजा धक्का ४.३ चा असेल, तर १९६७ च्या ६.३ शी तुलना अशी करायची. जमिनीचं हलणं शंभर पट कमी, आणि बाहेर पडलेली ऊर्जा सुमारे हजार पट कमी. म्हणून ‘छोट्या धक्क्यांनी ताण निघून जातो, मोठा टळतो’ हे समाधान टिकत नाही. एका मोठ्याची ऊर्जा संपवायला असे हजार छोटे लागतील.

(दृश्य: घराची दगडी भिंत, जवळून. सांध्यातली माती. आतल्या बाजूला तडा.)

३० सप्टेंबर १९९३. किल्लारी. ६.२, म्हणजे कोयनेहून किंचित कमीच. आणि मृत्यू हजारोंच्या संख्येत. पहाटे चारच्या आधी लोक झोपेत होते आणि दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद, सगळं अंगावर आलं. ही भिंत त्याच जातीची आहे. बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये खडी-मातीचा भराव. हिसका बसला की दोन्ही थर फुगून सुटतात.

यावर उपाय महागडा नाही. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतरावर घालायचे. आणि दारं-खिडक्यांच्या डोक्यावर घराला चारही बाजूंनी काँक्रीटचा पट्टा बांधायचा, कुठंही न तोडता. पाटीला दोरी बांधावी तसं घर एकत्र राहतं.

(दृश्य: शेजारचं अर्धं बांधलेलं घर. गवंडी दोघं.)

हे घर आजींच्या नातवाचं. पट्ट्याच्या गजाचं टोक कोपऱ्यावर सरळ सोडायचं नाही, वळवून पुढच्या भिंतीत न्यायचं, असं गवंडी दाखवतो आहे.

“कोपरा हितंच उघडतुया बघा. वळवून घेतला की झालं.”

तीन कोपरे बांधून झालेत. चौथ्याचा गज वाकवताना दोघांना जोर लावावा लागतो.

(दृश्य थांबत नाही. हातोडीचा आवाज.)