माझे पैसे कुणाला दिलेत?

श्रोतेहो, नमस्कार.

एखादी बँक बुडते आणि संसदेत विरोधी पक्ष अर्थमंत्र्यांकडे हिशेब मागतो. तो नेमकं काय मागतो, हे मला संसदेच्या आधी माझ्या आत्याने शिकवलं. म्हणून आधी आत्याची गोष्ट सांगते.

आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाल्यावर फंडाचे पैसे तिने गावातल्या सहकारी बँकेत ठेवले. बँक घरापासून चालत सात मिनिटांवर, व्याज अर्धा टक्का जास्त आणि काउंटरमागची निम्मी मुलं तिच्याच वर्गातली. ठेवपावत्या होत्या २ लाख ८० हजारांच्या.

ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणातला मंगळवार होता. स्वयंपाकघराचे पत्रे गळत होते, ते बदलण्यासाठी पैसे काढायला आत्या गेली. बघते तर शटर अर्धं खाली, पायऱ्यांवर माणसं बसलेली आणि भिंतीला एक कागद चिकटवलेला. रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले होते. सहा महिन्यांत एका खातेदाराला हजार रुपये मिळणार. दिवसाला नव्हे, महिन्याला नव्हे, सहा महिन्यांत हजार.

शाखेचा व्यवस्थापक तिचा विद्यार्थी. तो धावत बाहेर आला, तिला आत नेलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. आत्या पाणी प्यायली आणि म्हणाली, "अरे, माझे पैसे तुम्ही कुणाला दिलेत?"

तो खाली बघत म्हणाला, "बाई, ते सांगता येत नाही. गोपनीय असतं."

"पैसे माझे, आणि गोपनीय माझ्यापासूनच?"

त्या पोराकडे उत्तर नव्हतं. त्याच्या स्वतःच्या आईची ठेव त्याच बँकेत होती.

आत्या घरी आली. वहीचा कागद घेतला, डावीकडे समास आखला, परीक्षेचा पेपर काढतात तसे क्रमांक टाकले आणि चार प्रश्न लिहिले. श्रोतेहो, हे चार प्रश्न नीट ऐका. एक, ठेवीदारांचे पैसे कर्ज म्हणून कुणाला दिले? दोन, त्या कर्जाला तारण काय घेतलं? तीन, बँकेची तपासणी कुणी केली आणि तपासणीत काय आढळलं? आणि चार, ते आढळल्यानंतर किती दिवसांनी काय केलं?

तो कागद घेऊन ती दुपारी उन्हातून घरोघर फिरली. ११२ ठेवीदारांच्या सह्या मिळवल्या. हमाल होते, भाजीवाली होती, निवृत्त पोस्टमास्तर होते. एका म्हातारीने अंगठा दिला, तो पुसट उमटला म्हणून आत्याने पुन्हा घ्यायला लावला. मग एसटीने जिल्ह्याच्या गावी जाऊन तिने तो खासदारांच्या कार्यालयात दिला. तिथले सहायक म्हणाले, "अधिवेशन चालू आहे, साहेब दिल्लीत आहेत." आत्या म्हणाली, "म्हणूनच तर आणलाय."

महिनाभराने दोन ओळींची पोच आली. आपले पत्र मिळाले, योग्य कार्यवाहीसाठी पाठवले आहे. आत्याने पुन्हा लिहिलं, पुन्हा पोच आली. चार वर्षांनी बँक अवसायनात निघाली, म्हणजे कायमची बंद करून तिचा हिशेब मिटवायला काढला, आणि ठेव विम्याचे, म्हणजे बँक बुडाल्यावर ठेवीदाराला ठरलेल्या मर्यादेपर्यंत मिळणारे, १ लाख रुपये हातात पडले. वरच्या १ लाख ८० हजारांतला एक पैसाही अजून आलेला नाही. चारपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर आलेलं नाही. मला विचाराल तर पैशांपेक्षा तिला याचंच जास्त लागलं.

आता संसदेकडे येऊ. १९९२ सालचा रोखे घोटाळा आठवा. शेअर दलाल हर्षद मेहता हे नाव सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातलं बँकांचं प्रकरण आपण विसरतो. बँका आपसांत सरकारी रोख्यांची, म्हणजे सरकारने घेतलेल्या कर्जाच्या कागदांची, खरेदी-विक्री करत. रोखा लगेच हाती येत नसे, म्हणून विकणारी बँक तोवर पावती द्यायची. गोदामात एक पोतं नसताना शंभर पोती गव्हाची पावती फाडावी, तशा पावत्या दोन लहान बँकांनी दिल्या. एक मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक आणि दुसरी आपल्या सातारा जिल्ह्यातली बँक ऑफ कराड. त्या कागदांवर मोठमोठ्या बँकांचा पैसा दलालांच्या हाती गेला आणि तिथून शेअर बाजारात. घोटाळा फुटला तशी बँक ऑफ कराड बंद पडली. पुढे १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियाने ती घेतली. कराडच्या ज्या माणसाने ऊस विकून तिथे चार पैसे ठेवले होते, त्याने सरकारी रोखा आयुष्यात पाहिला नव्हता.

तेव्हा विरोधकांनी संयुक्त संसदीय समितीची मागणी लावून धरली आणि सरकारला ती मान्य करावी लागली. ऑगस्ट १९९२ मध्ये ३० खासदारांची समिती नेमली गेली. अध्यक्ष काँग्रेसचे रामनिवास मिर्धा, म्हणजे सत्ताधारी पक्षाचे. पण समितीत जॉर्ज फर्नांडिस होते, जसवंत सिंह होते, गुरुदास दासगुप्ता होते. अशा समितीला कागद मागवता येतात, अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारता येतं. पुन्हा सांगते, समोर बसवून विचारता येतं. तिथे पोच देऊन भागत नाही. पैसे कुणाला दिले, कशावर दिले, तपासणाऱ्यांना काय दिसलं, दिसल्यावर काय केलं, आत्याचेच हे चार प्रश्न. डिसेंबर १९९३ मध्ये अहवाल आला, तेव्हा अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी राजीनामा देऊ केला. पंतप्रधान नरसिंह रावांनी तो स्वीकारला नाही. राजीनाम्याची बातमी मोठी झाली. मला मात्र त्याहून मोठी वाटते ती समितीपुढे नोंदली गेलेली उत्तरं.

ठेव विम्याचंही असंच. १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, हाहाकार झाला, तेव्हा कुठे कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा मिळाला. तेव्हाची मर्यादा होती १,५०० रुपये. ती वाढत वाढत मे १९९३ मध्ये १ लाखावर आली आणि तिथेच थांबली. फेब्रुवारी २०२० मध्ये ५ लाख झाली. जवळजवळ २७ वर्षं १ लाखच. या काळात बहुतेक सगळे मोठे पक्ष सत्तेतही बसले आणि विरोधातही. आकडा हलला तो २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत पैसे अडकलेले खातेदार मुंबईत रस्त्यावर उतरल्यानंतर. माझ्या आत्याच्या वेळी मर्यादा ५ लाख असती, तर तिची सगळी ठेव परत आली असती.

आणि एक गोष्ट मला खुपते, ती विरोधी पक्षांना सांगते. ऑगस्ट २०२१ मध्ये याच विम्याच्या कायद्यात दुरुस्ती झाली. निर्बंध आले की ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळावी अशी ती तरतूद, फार चांगली. पण दोन्ही सभागृहांत गदारोळ चालू होता आणि विधेयक फारशी चर्चा न होता मंजूर झालं. ९० दिवसांत मिळेल ते ५ लाखांपर्यंतचं. त्यावरच्या पैशांचं काय, हे मंत्र्यांना खडसावून विचारायची तीच वेळ होती. चर्चेला वाव देणं सरकारचं काम आहे, पण प्रश्न विचारणं विरोधकांचं आहे, आणि घोषणांच्या आवाजात प्रश्न ऐकू येत नाही.

हेच आपल्या सहकारी बँकांच्या वार्षिक सभेत होतं. सभासद येतात, स्टीलचा डबा भेट मिळतो, नाश्ता होतो. अध्यक्ष विषय वाचतात, समोरून आवाज येतो, "मंजूर, मंजूर", आणि वीस मिनिटांत वर्षाचा हिशेब संपतो. डबा घ्या, पण आधी अहवाल उघडा. संचालकांच्या नातेवाइकांना किती कर्ज दिलंय, थकीत किती आहे, एवढं तरी वाचा.

आत्या आता ८३ वर्षांची आहे. तिचे थोडे पैसे दुसऱ्या एका बँकेत आहेत. गेल्या सप्टेंबरात त्या बँकेच्या सभेला मी तिच्याबरोबर गेले. थकीत कर्जाचा विषय आला, "मंजूर" झाला आणि आत्या उभी राहिली. अध्यक्ष म्हणाले, "आजी, सभा संपल्यावर भेटा." ती उभीच राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, बोलू द्या त्यांना. आणखी दोघं म्हणाले. शेवटी एक मुलगा माईक घेऊन आला. तिने प्रश्न वाचला. अध्यक्षांनी शेजारी बसलेल्या अधिकाऱ्याला विचारून आकडा सांगितला. आत्याने तो पुन्हा म्हणायला लावला आणि अहवालाच्या समासात पेन्सिलीने लिहून घेतला.

नमस्कार.