काउंटरखालची वही

आयोजकांनी मला दिलेला विषय आहे 'संस्थेतला बदल आणि नेतृत्व'. विषय भारदस्त आहे. मी मात्र सुरुवात एका वहीपासून करणार आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यातलं स्टोअरचं काम संगणकावर आणायची जबाबदारी माझ्याकडे होती. आम्ही प्रणाली बसवली, दोन दिवस प्रशिक्षण दिलं, जुनी रजिस्टरं जमा करून घेतली. महिनाअखेरच्या बैठकीत मी छातीठोकपणे सांगितलं, "बदल शंभर टक्के राबवला." ते खोटंही नव्हतं, प्रत्येक नोंद संगणकात होत होती. पण दोन-अडीच महिन्यांनी साठ्याचा मेळ बसेना, म्हणून मी स्वतः काउंटरवर जाऊन बसलो. तेव्हा स्टोअरकीपर खाली वाकला, एक वही काढली आणि तिच्यात पाहून मला शिल्लक सांगितली. रॅकवर जाऊन मोजलं. वही बरोबर निघाली, संगणक चुकला.

माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? "या माणसांना बदल नकोच असतो." हे वाक्य नंतर मी इतक्या वरिष्ठांकडून ऐकलंय की आता ते कुणी उच्चारलं की मला आधी ती वही आठवते.

या वाक्याची परीक्षा फार पूर्वी एका कारखान्यात झाली आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात मॅरियन इथे हारवूड नावाच्या कंपनीचा पायजमे शिवण्याचा कारखाना होता. कामाची पद्धत बदलली की तिथे उत्पादन घसरायचं, कुरबुरी वाढायच्या, माणसं सोडून जायची. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच या दोघांनी त्यावर प्रयोग केले आणि १९४८ साली ते प्रसिद्ध केले. बदल किती मोठा होता म्हणाल? इस्त्री करणाऱ्या १८ जणांचा एक गट होता. ते तयार कपडे अर्ध्या-अर्ध्या डझनाने पुठ्ठ्यावर रचायचे. आता पुठ्ठ्याऐवजी खोक्यात रचायचे, इतकंच.

या गटाची सभा घेतली गेली. स्पर्धेमुळे बदल आवश्यक आहे हे सांगितलं, नवा पीस रेट, म्हणजे नगामागे मिळणाऱ्या मजुरीचा दर, समजावला, प्रश्नांना उत्तरं दिली. हे नीट ऐका. आपण ज्याला 'कर्मचाऱ्यांशी संवाद साधला' म्हणतो, ते सगळं इथे झालं होतं. फक्त सभेआधी सगळं ठरून गेलेलं होतं. उत्पादन घसरलं ते वर आलंच नाही. दराबद्दल तक्रारी सुरू झाल्या, आणि पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के माणसं नोकरी सोडून गेली.

दुसऱ्या दोन लहान गटांना मात्र अडचण आधी सांगितली आणि काम कसं बदलावं हे त्यांच्यासोबतच ठरवलं. सूचना इतक्या आल्या की त्या टिपून घेणाऱ्या स्टेनोग्राफरची तारांबळ उडाली. त्या गटांचं उत्पादन लवकरच पूर्वपदावर आलं आणि पुढे सुमारे १४ टक्क्यांनी वर गेलं. कुणी नोकरी सोडली नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्या गटांत माणसंच चांगली असतील. मलाही तसंच वाटलं असतं. पण अडीच महिन्यांनी पहिल्या गटातल्या उरलेल्या १३ जणांना पुन्हा एकत्र आणलं आणि एका नव्या कामावर नेताना या वेळी त्यांना ठरवण्यात सामील केलं. तीच माणसं भराभर सावरली, पूर्वीच्या पातळीच्याही वर गेली. कुरबूर नाही, राजीनामा नाही. एका कारखान्यातल्या लहान गटांवरून जगाचे नियम काढू नयेत, हे मान्य. पण या तेरा जणांमुळे 'माणसंच तशी' ही पळवाट माझ्यापुरती तरी बंद झाली.

दुसरं उदाहरण शस्त्रक्रियागृहातलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९ मुद्द्यांची एक तपासणी-यादी तयार केली. रुग्ण तोच आहे ना, शस्त्रक्रियेची जागा तीच ना, सगळ्यांनी एकमेकांना नाव आणि काम सांगितलं का, असे साधे प्रश्न. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. २००९ साली निष्कर्ष आले: मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं होतं. यादी जगभर गेली. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात ती सर्वत्र लागू झाल्यावर १०१ रुग्णालयांचा अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये आला. मृत्यूच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. आणि यादी पाळल्याचं प्रमाण रुग्णालयांनीच कळवलं होतं, ते होतं ९० टक्क्यांच्या वर!

असं का झालं यावर तज्ज्ञांत वाद आहेत, मी डॉक्टर नाही. पण कार्यालयात आयुष्य काढलेल्या माणसाला एक शंका येतेच. यादीचा उपयोग कनिष्ठ माणूस "थांबा" म्हणू शकतो यात आहे. कागद वरून आला की खुणा होतात, "थांबा" म्हणायचं धैर्य मात्र कागदासोबत येत नाही. माझ्या 'शंभर टक्के राबवला'ची आणि त्या नव्वद टक्क्यांची जातकुळी मला एकच वाटते.

शिवाय आकडेही फसवतात. एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. निघाल्या जास्त! अधिक खोदल्यावर उलगडा असा झाला की त्या गटांत चूक सांगायची भीती नव्हती, म्हणून ती नोंदवली जात होती. तेव्हा तुमच्या विभागातून महिनोन्महिने एकही तक्रार आली नसेल, तर पेढे वाटण्याआधी जरा एक फेरी मारून या.

मीही उशिराच फेरी मारली. त्या वहीत एक रकाना होता: 'वापरून उरलेलं परत'. कामगार अर्धा डबा रंग किंवा उरलेले बोल्ट शिफ्टअखेर परत आणून द्यायचे. आमच्या प्रणालीत सामान देण्याची नोंद होती, अर्धवट परत घेण्याची सोयच नव्हती. वही नसती तर कारखाना आधीच भरलेलं सामान पुन्हा विकत घेत बसला असता.

मी विचारलं, "हे आधी का नाही सांगितलं?"

"प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी विचारलं होतं, साहेब. तुम्ही म्हणालात, पुढच्या टप्प्यात बघू."

मला ते आठवतही नव्हतं. तो रकाना घालायला प्रणालीवाल्यांना एक दुपार लागली. वही त्यानंतरही वर्षभर काउंटरखाली होती. मी ती जमा करायला सांगितली नाही.