लाल ट्यूब आणि टक-टक आवाज

[दृश्य: कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर, सकाळ. अर्धवट उघडलेलं शटर.]

उद्यमनगरात आधी लेथचा आवाज येतो, मग चहा. गल्लीच्या टोकाच्या गॅरेजसमोर एक पांढरी पेट्रोल गाडी उभी आहे. मालक गगनबावड्याहून आलेत. हातात घरूनच आणलेली, फटी बुजवायच्या लाल सिलिकॉनची ट्यूब.

"मिस्त्री, थंडीत चालू केली की टक-टक वाजायलंय. दहा मिनिटांनी आपोआप थांबतंय. एवढी लावून द्या की."

मिस्त्रींनी ट्यूब उलटीसुलटी करून पाहिली. "लावतो पावणं. पण कुठं लावायची, ते तर बघू."

ट्यूबवर तापमान छापलेलं असतं, जागा छापलेली नसते.

[दृश्य: बॉनेट उघडं. मॅनिफोल्डच्या कडेला काळा ओघळ.]

हा काजळीचा ओघळ बघा. मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरकडं नेणारा बिडाचा नळ, इंजिनाला जिथं बसतो, तिथल्या फटीतून धूर बाहेर पडतोय. लोखंड तापलं की फुगतं, फट मिटते, आवाज थांबतो. मालकाला वाटतं, गाडी बरी झाली.

आता हिशेब करू. लाल सिलिकॉन सतत २६० अंश सेल्सिअस सोसतं, थोडा वेळ ३४० च्या आसपास. आणि हीच गाडी घाट चढत असेल, तर इंजिनातून निघणारा वायू ८०० अंशांच्या पुढं जातो. तिथं सिलिकॉनची आधी पांढरी भुकटी होते, मग तीही उडून जाते.

उष्णता हे एकच कारण असतं, तरी जास्त ताकदीची ट्यूब आणून भागलं असतं. पण बिडाचा मॅनिफोल्ड हलतोही. अर्ध्या मीटरचा तुकडा ६०० अंशांनी तापला, तर तीनेक मिलिमीटर लांब होतो. गार झाला की परत आखडतो. रोज, प्रत्येक फेरीला. इथं चिकटवून ठेवणारं काहीही टिकायचं नाही. इथं लागतं ते सरकू देणारं आणि तरी दाबून बसणारं गॅस्केट, म्हणजे दोन भागांमधली फट बंद करणारा पत्रा : ग्रॅफाइटचं नाहीतर पोलादी पत्र्याच्या थरांचं.

शिवाय पुढं धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बसलाय. वायू धक्क्याधक्क्यानं जातो, आणि दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी हीच फट बाहेरची हवा आत ओढते. सेन्सरला वाटतं, पेट्रोल कमी पडतंय. गाडीचा संगणक बिचारा इमानदार, तो आणखी पेट्रोल सोडतो. ॲव्हरेज पडतं आणि मालक पंपवाल्यावर संशय घेत बसतो. सिलिकॉनची वाफ तर त्या सेन्सरवर वाळूसारखा थर चढवते. २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत हा सेन्सर बिघडला, तर ट्यूबचे वाचलेले पैसे विसरायचे. (ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला, तर ती सेन्सरच्या आसपाससुद्धा नको.)

[दृश्य: सरफेस ग्राइंडर. मॅनिफोल्डचं तोंड चकाकतंय.]

मिस्त्रींनी मॅनिफोल्ड उतरवला. सरळ पट्टी ठेवली, खालून फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, सरकवलं. मधोमध वाकलाय. दोन गाळे सोडून ग्राइंडिंगवाला आहेच; उद्यमनगराचं हे एक सुख. तोंड सपाट झालं, नवं गॅस्केट कोरडंच बसलं. नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे आवळत.

"मग माझी ट्यूब?"

"घरी न्या. मोरीच्या कोपऱ्यात चालंल."

पण मिस्त्री पेस्टच्या विरोधात नाहीत. गाडीखाली सरकल्यावर त्यांना दुसरी गळती दिसली : मागच्या सायलेन्सरजवळ, जिथं एक पाइप दुसऱ्या पाइपात शिरतो. इथं सेन्सर मागं राहिलेला, उष्णता बरीच उतरलेली, आणि जोडाला पट्ट्याचा (क्लॅम्पचा) आधार. ही जागा एक्झॉस्ट पेस्टची.

ही पेस्ट म्हणजे मुख्यतः सोडियम सिलिकेट आणि खनिज भुकटी. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्र्यांना हे रसायन नवं नाही. सीओटू कोअर, म्हणजे कार्बन डायऑक्साइडनं घट्ट केलेले साच्यातले वाळूचे गाभे, करताना वाळूत हेच मिसळतात. पेस्ट वाळली की दगड होते. उष्णतेला भीत नाही, पण वाकवली की तडकते. म्हणून फक्त अशा जोडावर, जो आधीच घट्ट बसलेला आहे. पेस्ट फट भरते, पाइप धरून ठेवत नाही. कुजून भोक पडलेल्या पाइपावर थापली, तर शेजारचा पत्रा पुढच्या पावसाळ्यात जाईल.

वायर ब्रशनं गंज खरवडला. जागा ओल्या फडक्यानं पुसली. पेस्ट आतल्या पाइपावर पातळ लावली, पाइप फिरवत बसवला, पट्टा आवळला. नंतर दहा मिनिटं इंजिन नुसतं चालू. लगेच रेस केली, तर आतलं पाणी उकळून पेस्टला फोड येतात.

"आज रात्र गाडी इथंच ऱ्हाऊ दे पावणं."

"आणि मी?"

"एसटी हाय की."

[दृश्य: दुसरा दिवस. इंजिन थंड. मिस्त्री किल्ली फिरवतात. पाच सेकंद निवेदन नाही, फक्त इंजिनाचा आवाज.]