जगाचा प्रश्न, गल्लीच्या मापाचा

श्रोतेहो, नमस्कार.

काही वर्षांपूर्वी मी हवामानबदलावर एक सभा घेतली होती. वितळणारा बर्फ, चढणारा समुद्र, पृथ्वीचं सरासरी तापमान, आलेख, चित्रं, सगळा जामानिमा होता. लोकांनी तासभर मुकाट्यानं ऐकून घेतलं. शेवटी मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, ‘‘हे सगळं पटलं बघा. मग उद्या सकाळी उठून मी नेमकं काय करू?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते ‘आपण सर्वांनी जागरूक व्हायला हवं’ अशा थाटाचं. बाई समजूतदार होत्या. हसल्या, पिशवी उचलली आणि निघाल्या. त्या सभेतून पुढे काहीच निघालं नाही, आणि त्यात ऐकणाऱ्यांचा काडीचाही दोष नव्हता.

पुढारीपण अंगातच असावं लागतं, शिकून येत नाही, असं म्हणतात. मला ते पटत नाही. भाषण ठोकायला कदाचित उपजत अंग लागत असेल. पण जगाएवढा प्रश्न कापून, बेतून गल्लीच्या मापाचा करणं हे शिंप्याचं काम आहे, आणि शिंपीकाम शिकता येतं. कापड वाया घालवत शिकतात, एवढंच.

वांगारी मथाई यांचंच बघा. केनियातल्या या बाई विद्यापीठात प्राण्यांचं शरीररचनाशास्त्र शिकवायच्या. खेड्यांतल्या बायका काय सांगतात ते त्यांनी आधी ऐकलं. सरपणासाठी लांब जावं लागतं, पाणी गढूळ झालंय, गुरांना चारा नाही. ‘वाळवंटीकरण’ हा शब्द त्या बायकांपैकी कुणाच्या तोंडी नव्हता. मथाईंनीही तो त्यांच्यावर लादला नाही. झाडं लावू या, म्हणाल्या. १९७७ सालच्या पर्यावरण दिनाला नैरोबीत सात रोपं लावली. त्यातली सगळी काही जगली नाहीत, हेही सांगितलं पाहिजे.

पुढे रोपांची मागणी वाढली, तेव्हा बायकांना रोपवाटिका शिकवायला वनखात्याची माणसं आली. जमिनीचा उतार, मातीचे थर, अवजारांची नावं... बायका गोंधळून गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या बी पेरून पीक काढणाऱ्या बायका, त्यांना बी रुजवायची भीती वाटायला लागली! मथाईंनी मग सांगितलं, ते शिक्षण राहू द्या बाजूला, तुम्हाला येतं तसं करा. बायकांनी आसपासच्या झाडांचं बी गोळा केलं आणि फुटक्या भांड्यांत रुजवलं. त्यांना लोक ‘बिनपदवीचे वनाधिकारी’ म्हणू लागले. थोडेसे पैसेही मिळत, पण रोप लावलं म्हणून नव्हे, ते जगलं म्हणून. पुढच्या काही दशकांत या चळवळीनं ५ कोटींच्या वर झाडं लावली, आणि २००४ साली मथाईंना शांततेचं नोबेल मिळालं.

मला त्या नोबेलपेक्षा ‘जगलं तर पैसे’ ही अट मोठी वाटते. रोपं लावताना फोटो काढून घेणारे आपण रोज बघतो. चार महिन्यांनी तिथं पुन्हा जाणारा माणूस हाच खरा म्होरक्या.

आता मोजणीचाच विषय निघालाय, तर बांगलादेशाकडे वळू. जुलाबानं तेव्हा जगभर दर वर्षी लाखो मुलं दगावत होती. शरीरातलं पाणी आणि क्षार निघून जातात, ते तोंडावाटे परत दिले तर बहुतेक मुलं वाचतात, हे डॉक्टरांना माहीत झालं होतं. १९७१च्या युद्धात तिथून भारतात आलेल्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून ते दाखवूनही दिलं होतं. अडलं होतं ते घराघरांत कसं न्यायचं इथं. आया निरक्षर, घरात तराजू नाही, दवाखाना कोसांवर.

ब्रॅक या संस्थेनं १९८०मध्ये हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं. माप शोधलं ते आईच्या हातातच: तीन बोटांची एक चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. हे शिकवायला कार्यकर्त्या दारोदार जायच्या. आईसमोर पाणी करून दाखवायचं नाही, आईच्याच हातून करून घ्यायचं. काही दिवसांनी दुसराच कुणीतरी येऊन, शिकवलेल्या घरांपैकी थोडी घरं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायचा आणि आईला काय काय आठवतंय ते विचारायचा. आईला जेवढं येईल, त्यावर कार्यकर्तीचा मेहनताना ठरायचा. किती घरं फिरलीस, किती भाषणं केलीस, याला किंमत शून्य. जरा विचार करा, आपल्या शिबिरांना हा हिशेब लावला तर आयोजकांच्या पदरात काय पडेल? माझ्या त्या सभेचं मानधन मला परत करावं लागलं असतं. (घेतलं नव्हतं, म्हणून वाचलो.)

गंमत पुढेच आहे. आयांना कृती तोंडपाठ झाली, पण मूल आजारी पडलं की ते पाणी देणाऱ्या फार थोड्या निघाल्या. असं का, म्हणून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की काही कार्यकर्त्यांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता. स्वतःचं पोट बिघडलं की त्या गोळ्या घ्यायच्या! शिवाय घरातल्या पुरुषांना या प्रकाराचा पत्ताच नव्हता, आणि औषधाचा निर्णय त्यांच्या हातात. मग कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण नव्यानं झालं, हे पाणी का लागू पडतं ते त्यांना आधी पटवलं गेलं. पुरुषांच्या सभा मशिदींत आणि बाजारांत भरायला लागल्या. १९९०पर्यंत १ कोटी २० लाखांहून जास्त घरांत हे शिक्षण पोचलं.

‘लोकांना कळत नाही’ हे वाक्य कुठल्याही बैठकीत आलं, की मला ते बांगलादेशातले तपासनीस आठवतात. लोकांना कळत होतं. सांगणाऱ्यालाच पटलेलं नव्हतं, आणि ते शोधून काढायला संस्थेनं स्वतःच्याच माणसांकडे बोट वळवलं.

सुरुवात कुणापासून करायची, हा आणखी एक पेच. डेन्मार्कचं साम्सो हे बेट, वस्ती जेमतेम ४,०००. आपली ऊर्जा आपणच तयार करण्याची सरकारी स्पर्धा त्यांनी १९९७मध्ये जिंकली, पण बेटावरच्या लोकांना त्याचं विशेष काही वाटलं नाही. सोरेन हर्मान्सन हा तिथलाच शेतकऱ्याचा मुलगा, शिक्षकी पेशातला. त्यानं सगळ्यांना एकदम पटवायच्या भानगडीत न पडता, ज्यांचं ऐकून इतर लोक वागतात अशा माणसांची दारं ठोठावली. पवनचक्क्या आल्या तेव्हा त्यांच्या मालकीचे हिस्से बेटावरच्याच लोकांनी विकत घेतले. पाती फिरताना दिसली की आपले पैसे फिरताहेत असं वाटायला लागलं, मग खिडकीतून दिसणाऱ्या चक्कीबद्दलची कुरकुर आपोआप कमी झाली.

हे झालं मन वळवणं. पण माणसं एकत्र आली की भांडणंही येणारच. सामाईक पाणी, सामाईक रान, कुणी जास्त उपसलं, कुणी पाळी चुकवली. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जन्मभर याच भांडणांचा अभ्यास केला, आणि २००९मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. त्यांच्या लिखाणात स्वित्झर्लंडमधल्या ट्योर्बेल या डोंगरी गावाचा दाखला येतो. तिथं १५१७ सालचा एक नियम आहे: हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जितक्या गाई जगवता येतील, तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायच्या. वर आकाशातून पाडलेला कोटा नाही. प्रत्येकाचा गोठा हेच प्रत्येकाचं माप, आणि लबाडी केली तर शेजाऱ्याला दिसणारच.

टिकलेल्या व्यवस्थांमध्ये ऑस्ट्रॉम यांना आणखी एक खूण दिसली. पहिल्या चुकीला शिक्षा हलकी असते, चूक पुन्हा पुन्हा झाली तर वाढत जाते. नवशिका म्होरक्या नेमका इथं घसरतो. पहिल्याच दिवशी कडक नियम, पहिल्याच चुकीला सगळ्यांदेखत झाडाझडती. तो माणूस पुढच्या बैठकीला येत नाही, आणि येत नाही म्हणजे त्याच्या घरातलं, ओळखीतलंही कुणी येत नाही. मी हे केलेलं आहे, म्हणून सांगतो. एका चांगल्या मदतनीसाला असाच गमावून बसलो.

वेळ संपत आलीय, एक शेवटची गोष्ट सांगतो. नारू नावाचा रोग. दूषित पाण्यातून पोटात जाणारा जंत वर्षभरानं हात-दोन हात लांब होऊन कातडीतून बाहेर पडतो. यावर लस नाही, जंत मारणारं औषध नाही. १९८६मध्ये जगात याचे अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. आता वर्षाला मोजकेच सापडतात. हे झालं ते फडक्यानं पाणी गाळून आणि जंत बाहेर येत असलेल्या माणसाला तळ्यात उतरू न देऊन. आणि हे दोन्ही करवून घेतलं त्या त्या गावातल्याच स्वयंसेवकांनी. त्या मागच्या रांगेतल्या बाई अशा गावात राहत असत्या, तर त्यांना उत्तर मिळालं असतं: उद्या सकाळी पाणी भरताना घागरीच्या तोंडाला फडकं बांधा.

रोग ओसरल्यावरही स्वयंसेवकाचं काम थांबत नाही. दर महिन्याला घरोघरी विचारायचं, आणि एकही रुग्ण सापडला नाही तरी तसं कळवायचं. मी त्या माणसाचा विचार करतो. टाळ्या वाजवायला कुणी नाही, सांगायला नवी बातमी नाही. गावभर फिरून घरी यायचं, वही उघडायची, आणि रकान्यात शून्य लिहायचं. पुढच्या महिन्यात पुन्हा शून्य.

नमस्कार.