आधी छप्पर, मग लादी

नमस्कार, श्रोतेहो. आपल्या कोकण किनाऱ्यावर बहुतेक गावांत युवक मंडळाची एखादी खोली असते. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, आत कॅरम, कबड्डीच्या ढाली आणि कोपऱ्यात मखराचं सामान. खोली दुरुस्त करायची ठरते, वर्गणी निघते, मुंबईतल्या गावकऱ्यांचं मंडळही हातभार लावतं आणि पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणतं, "लादी बसवूया." माझं ऐकाल तर लादी राहू दे. पैसे बेताचे असतील तर ते आधी छपरावर घाला. पावसाळ्यात 3000 मिलिमीटर पाऊस जिथे सहज पडतो, तिथे गळक्या कौलांखाली गुळगुळीत लादी घेऊन करायचं काय?

सगळी कौलं बदलायची गरज नसते. उतरवा, शेवाळ घासून काढा आणि एकेक कौल बोटाने वाजवून बघा. खणखणीत वाजलं तर चांगलं. बद्द वाजलं तर त्यात चीर गेलेली आहे, बाजूला ठेवा. कौलं उतरली की वासे आणि रिपाही उघड्या पडतात. स्क्रूड्रायव्हरचं टोक लाकडात सहज रुतलं, तर वाळवी किंवा कूज आत पोचली म्हणून समजा. सुताराला बोलावण्याआधी हे सगळं मुलांनीच तपासून ठेवावं, म्हणजे अंदाजपत्रक फुगत नाही.

"पत्रे टाका नि मोकळे व्हा," असंही कुणी सांगेल. खाऱ्या वाऱ्यात साधा पत्रा गंजतो, आणि आषाढातल्या सरीत त्याखाली शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. शिवाय 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा कौलंही उडाली आणि पत्रेही. म्हणून छप्पर कसलंही असो, कडेच्या ओळी घट्ट बांधून घ्या.

भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा करू नका. जांभा पाणी पितो, त्याला सुकायला वाट हवी. सांधे तेवढे भरून घ्या. आणि फुकट मिळते म्हणून पुळणीवरची, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरची, वाळू वापरू नका, तिच्यातलं मीठ ओल धरतं आणि सळ्या खातं.

दोन खर्च मात्र टाळू नका. एक, 30 मिलिअँपिअर वीज गळली की आपोआप बंद होणारा सुरक्षा स्विच, कारण ओल्या भिंतीतली जुनी वायर जिवावर बेतते. दुसरा, आतून कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह. ते नसेल तर मुली येणार नाहीत, मग युवक मंडळ म्हणजे नुसता मुलांचा अड्डा.

मे महिन्यात चाकरमानी आले की श्रमदानाला हात मिळतात, पण सुतार मिळत नाही. तेव्हा तो सगळ्यांच्याच घरी अडकलेला असतो. त्याची तारीख शिमग्यातच पक्की करा, आणि मृगाआधी छप्पर बंद झालंच पाहिजे. रंगाचं काम दिवाळीनंतर काढा. एक पावसाळा गेला की ओल नेमकी कुठून येते ते भिंतच दाखवते.