भाऊअ, अर्थात फोटोशॉपचे शॉर्टकट

(नागपुरात लग्नाचे फोटोग्राफर, अल्बम डिझायनर अन् फ्लेक्सवाल्यांच्या बैठकीत केलेलं हे बोलणं. थोडं सावरलंय, बोली तशीच ठेवलीय.)

मागे आवाज येऊन राहिला ना? बरं. मला विषय दिलाय ‘अल्बमचं काम अर्ध्या वेळात’ अन् वेळ दिलाय पाऊण तास, त्यातला बराचसा सत्कारात गेला, त्यामुळे माझंच भाषण अर्ध्या वेळात होणार असं दिसते.

आधी हात वर करा, कोणाकोणाच्या दुकानात मॉनिटरच्या बाजूला तो फोटोशॉपच्या शॉर्टकटचा, म्हणजे फोटो सुधारायच्या या सॉफ्टवेअरमध्ये मेनूत न जाता बटण दाबून काम करायच्या युक्त्यांचा, लॅमिनेट केलेला तक्ता चिकटवलाय? अर्धी सभा. आता त्यातले दहा न पाहता कोण सांगतं? हसू नका, सांगा! त्या तक्त्यामुळे कोणाच्या कामाचा वेग वाढलेला मी तरी पाहिला नाही. त्यावर धूळ बसते, अन् कोपऱ्यात पेनानं कस्टमरचा मोबाईल नंबर लिहिलेला असते.

माझं म्हणणं एवढंच आहे की शॉर्टकटनं सेकंद वाचतात हा हिशोब फार किरकोळ आहे, खरी वाचते ती नजर. नवरीच्या गालावरचा डाग काढून राहिले तुम्ही, दोनशे टक्के झूम आहे, ब्रश थोडा मोठा वाटला म्हणून नजर वर गेली, साइजची पट्टी सरकवली, परत खाली आले, तर आता डाग कोणता अन् तीळ कोणता? अन् तीळ उडाला की तिची आई अल्बम परत आणते, हे तुम्हाला मी काय सांगू. तेच चौकोनी कंस दाबला असता तर ब्रश डोळ्यासमोरच लहान झाला असता. डावा कंस लहान, उजवा मोठा, शिफ्ट धरून दाबला तर कडा मऊ-कडक. किंवा ऑल्ट धरून उजवं बटण दाबा अन् माऊस आडवा ओढा, उभा ओढला तर कडा बदलते. नजर गालावरून हलतच नाही.

पण एकेका अक्षराचे जे शॉर्टकट आहेत ना, व्ही, बी, जे, एस, म्हणजे अक्षर दाबलं की एकेक टूल हातात येते, ते दुधारी आहेत. एक किस्सा सांगतो. आयोजक घड्याळ पाहून राहिले, पण किस्सा सांगतोच.

आपल्याच गावातला एक फ्लेक्सवाला, एरिया सांगत नाही, इथं त्याचे नातेवाईक बसले असतील. वॉर्डातल्या एका भाऊंचा वाढदिवस. दहा बाय वीसचा फ्लेक्स, रात्री साडेअकराला मॅटर आलं, सकाळी सातला चौकात पाहिजे, म्हणजे नेहमीसारखंच. त्याच्या दुकानातला पोऱ्या हुशार, नवीन नवीन शॉर्टकट शिकलेला, अन् शिकला की माणसाचा हात शिवशिवतेच. फॉन्ट कृतीदेव. ‘आमचे लाडके भाऊ’ असं टाइप केलं, आता ते थोडं डावीकडे सरकवायचं म्हणून मूव्ह टूलसाठी गड्यानं दाबला व्ही. पण कर्सर तर अजून अक्षरातच लुकलुकून राहिला! टाइप टूल चालू असताना व्ही म्हणजे टूल नाही, व्ही म्हणजे अक्षर, अन् कृतीदेवमध्ये व्हीच्या बटणावर बसलाय अ. झालं, ‘आमचे लाडके भाऊअ’. यानं पाहिलं नाही, याचं लक्ष फुलांच्या हारात. मालकानं पाहिलं नाही, मालक झोपलेला. प्रिंटिंगवाला तर कधीच वाचत नाही, तो फक्त कलर पाहतो.

सकाळी सातला चौकात भाऊअ लागले. बाजूच्या ठेल्यावर तर्री पोहे खाता खाता अख्ख्या वस्तीनं वाचलं, अन् नागपूरची माणसं तुम्हाला माहीतच आहेत, एकदा हाती लागलं की सोडत नाही. दुपारपर्यंत पोरं ‘काय भाऊअ, केक कापला का’ करून राहिली. संध्याकाळी भाऊ स्वतः दुकानात. “हा अ कुठून आला बे?” पोरगं म्हणते, “फॉन्टची गडबड आहे भाऊ.” फॉन्टची! त्या बिचाऱ्या फॉन्टचा काय दोष? नवीन फ्लेक्सचे पैसे मालकाच्या खिशातून गेले, अन् मालकानं दुसऱ्या दिवशी फर्मान काढलं की आजपासून दुकानात शॉर्टकट बंद, सगळं माऊसनं करायचं. माझा राग या फर्मानावर आहे, पोऱ्यावर नाही. सवय अर्धी लागली होती तर ती पूर्ण करून द्यायची ना! टायपिंग झालं की आधी कंट्रोल एंटर, म्हणजे अक्षरातून बाहेर, मग व्ही. किंवा टाइप करता करताच कंट्रोल धरून ठेवा अन् मजकूर ओढून सरकवा, व्हीची गरजच नाही. एवढं कोणी सांगितलं असतं तर भाऊ भाऊच राहिले असते.

आता गंमत पाहा. लॅरी टेस्लर नावाचा माणूस होता, झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात, मग अ‍ॅपलमध्ये. आपण दिवसभर जे कट-कॉपी-पेस्ट करतो ते त्याच्या अन् टिम मॉटच्या कामातून आलं, १९७० च्या दशकात. २०२० मध्ये वारला. या माणसाचं आयुष्यभराचं भांडण एकाच गोष्टीशी, ते म्हणजे मोड. एकच बटण आत्ता एक काम करते अन् थोड्या वेळानं दुसरंच, हे त्याला खपायचंच नाही. गाडीच्या नंबरप्लेटवर सुद्धा ‘नो मोड्स’ लावलं होतं त्यानं. इथं आपले लोक ‘दादा’ लावतात. मी म्हणतो, आपला फ्लेक्स त्यानं पाहिला असता तर म्हणाला असता, बघा, मी काय बोंबलत होतो! आणि ते झेड, एक्स, सी, व्ही एका ओळीत शेजारी शेजारी कामाला लागले ते अ‍ॅपलच्या लिसा या कॉम्प्युटरवर १९८३ मध्ये, पुढच्या वर्षी मॅकिंटॉशवर. डावा हात जागचा हलू नये म्हणून. फोटोशॉप तर १९९० ला आलं, नोल बंधूंचं.

मोडवरून आठवलं. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या एका मराठी कीबोर्डवर, टाइप करणाऱ्यांची तक्रार असते की ‘शॉर्टकट चालूनच नाही राहिले, सॉफ्टवेअर खराब झालं’. मराठी कीबोर्ड चालू असताना त्याच व्हीवर न येतो, फोटोशॉपला बरेचदा त्याचा पत्ताच लागत नाही. विंडोज अन् स्पेस दाबून इंग्लिशवर या, सगळं जागेवर. अन् ब्रशचा गोल गायब होऊन नुसती फुली दिसते, त्याचे मला रात्री फोन येतात. कॅप्स लॉक चालू आहे भाऊ. दुसरं काही नाही. फोन करू नका.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. पुढे जीएसटीवाले साहेब आहेत, त्यांना थांबवून चालत नाही. तर मेन विषय.

तक्ता फाडा. दिवसभरात जे काम करायला सारखे मेनूत जाता ते एकच पकडा, हातात बसेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. अल्बमवाल्यांना कंट्रोल जे, लेयरची म्हणजे फोटोतल्या एका थराची कॉपी. कंट्रोल टी, साइज. इथं जुन्या खोडांना सूचना, फोटोशॉप सीसी २०१९ पासून शिफ्ट न धरताच प्रमाणात वाढते, सवयीनं शिफ्ट धरला की नवरदेवाचं तोंड दुधीभोपळ्यासारखं लांबतं. प्रेफरन्सेसमध्ये लेगसीची, म्हणजे जुन्या पद्धतीची, खूण आहे, पाहिजे तर लावा. कंट्रोल झेडही तेव्हापासूनच एकामागे एक मागं जाते, आधी त्यासाठी ऑल्टही धरावा लागायचा.

स्पेस धरून फोटो सरकवा, कंट्रोल शून्यनं पूर्ण फोटो, कंट्रोल एकनं शंभर टक्के. ब्रश हातात असताना आकडा दाबला की ओपॅसिटी, म्हणजे ब्रश किती गडद उठतो ते, पाच म्हणजे पन्नास टक्के. अन् अक्षर दाबून धरून ठेवलं तर ते टूल तेवढ्यापुरतंच येते, सोडलं की पहिलं परत, हे फार कमी लोकांना माहीत आहे. डाग काढायचं जे अन् निवड करायच्या लॅसोचं एल उजव्या हाताकडे आहेत, माऊस सोडावा लागते, मग कंट्रोल ऑल्ट शिफ्ट के दाबून आपली आपली बटणं लावून घ्या.

रोज तेच तेच करता ते अ‍ॅक्शनमध्ये रेकॉर्ड करा, म्हणजे फोटोशॉप त्याच पायऱ्या आपोआप परत करते, अन् त्याला एफ-दोन, एफ-तीन अशी की द्या. पासपोर्टच्या शीटला तर हे सोडून दुसरं काही करूच नका. अन् अख्ख्या फोल्डरला लावायचं असेल तर फाईल, ऑटोमेट, बॅच, अन् तुम्ही चहा प्या. ओरिजिनल फोल्डरवर नका चालवू मात्र, कॉपीवर चालवा. यावर अजून अर्धा तास बोलता आलं असतं, पण भाऊअनं खाल्ला.

प्रश्न? हो बोला. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड, ऑल्टच्या जागी ऑप्शन, तुमचं भागते. कोरल ड्रॉ? ते दुसरं सॉफ्टवेअर, नंतर बाहेर विचारा, पोहे खाता खाता.